लाईट गेली तरी चालेल असा माशांच्या टाकीचा संप : प्रकल्प नोंदी

१९ मे २०२४, रविवार

टाकी आज घरी आली. बेळगावच्या शहापुरातला एक जुना दवाखाना बंद झालाय. तिथे पेशंट बसायच्या जागी ही ॲक्रिलिकची टाकी होती. दोन वर्षं रिकामीच पडून होती. १,५०० रुपयांना मिळाली. बाहेरून ७५ × ३५ × ४० सेंटिमीटर, शीट ८ मिलिमीटर जाड. मित्राच्या टेम्पोत खाली गोधडी घालून वडगावपर्यंत आणली.

हिच्यात मासे सोडायचे नाहीत. हॉलमधल्या चार फुटी काचेच्या टाकीखाली, स्टँडच्या कप्प्यात हिचा संप, म्हणजे पाणी गाळायची खालची टाकी, करायचाय. वरच्या टाकीतलं पाणी ओव्हरफ्लोतून (काठावरून सांडणारं पाणी खाली नेणारी वाट) आपोआप खाली येणार, स्पंज आणि बायो मीडियातून (पाणी शुद्ध करणारे जिवाणू ज्यावर राहतात ते सामान) फिरणार, आणि पंप ते परत वर चढवणार.

कशासाठी, तेही लिहून ठेवतो. गेल्या वर्षी अधिक श्रावणात रात्री दीडच्या सुमाराला लाईट गेली. आमच्या गल्लीत लाईट गेली की आधी कानाला कळतं, कारण शेजारचे माग थांबतात. त्या खडखडाटात आम्ही लहानाचे मोठे झालो. आवाज चालू असला की गाढ झोप लागते, थांबला की जाग येते. त्या रात्री तारांवर झाड पडलं होतं. इन्व्हर्टर पहाटेपर्यंत पुरला. लाईट आली दुपारी, आणि कॅनिस्टर फिल्टर आपोआप सुरू झाला. मी तेव्हा उद्यमबागेत मशीनवर होतो. संध्याकाळी घरी आलो तर दोन ऑस्कर माशांपैकी धाकटा तळाशी आडवा पडला होता.

फिल्टरमधले जिवाणू अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करतात, आणि त्यासाठी त्यांना प्राणवायू लागतो. कॅनिस्टर म्हणजे झाकण बंद डबा. पाणी थांबलं की आतला प्राणवायू ते स्वतःच संपवतात, मग मरायला लागतात आणि अडकलेली घाण कुजते. लाईट आल्याबरोबर तो सगळा काढा एका दमात टाकीत आला. कोणी घरात असतं आणि पंप सुरू व्हायच्या आधी डबा उघडून धुतला असता तर मासा वाचला असता.

लेकीने दोघांची नावं ठेवली होती, मोठा कुंदा आणि धाकटा मांडा. मांडा गेला. कुंदा सहा वर्षांचा आहे, अकरा इंची. तो खातो बेताचं, घाण करतो भरपूर. संप वरून उघडा असतो, पाण्याच्या अंगाला हवा लागत राहते. लाईट आल्यावर काय होतं याची धास्ती मला यंदाच्या पावसाळ्यात नको आहे.

२१ मे

कंपनीतून इनसाइड मायक्रोमीटर मागून आणला. टाकीची आतली रुंदी दोन्ही टोकांना ३३४.० मिलिमीटर. मधोमध ३३६.४. म्हणजे वर्षानुवर्षं पाण्याच्या दाबाने भिंती बाहेर फुगल्यात आणि तशाच राहिल्यात. ॲक्रिलिक काचेसारखं ताठ नसतं, शिवाय थोडं पाणीही पितं. याचा अर्थ आत कप्पे करायला लागणारे ॲक्रिलिकचे सगळे पडदे एकाच मापाचे कापून भागणार नाही, प्रत्येकाचं माप त्याच्या जागेवर घ्यायचं. भिंती शिकंजात धरून आत ओढायचा मोह होतो, पण तसं केलं तर तो ताण जोडात कायमचा राहील.

२५ मे

आज फक्त कागद आणि पेन्सिल. या कामातला खरा भाग हाच आहे, असं मला वाटतं. संप छान दिसायला हवा, गाळणी चांगली हवी, हे सगळं नंतर. आधी एकच प्रश्न: लाईट गेल्याच्या क्षणी वरून किती पाणी खाली येईल आणि ते मावेल का?

वरची टाकी आतून १२० × ४५. क्षेत्रफळ ५,४०० चौरस सेंटिमीटर, म्हणजे एक सेंटिमीटर पाणी म्हणजे ५.४ लिटर. पंप चालू असताना पाण्याची पातळी ओव्हरफ्लोच्या काठापेक्षा साधारण दीड सेंटिमीटर वर असते. पंप थांबला की तेवढं खाली येणारच: ८.१ लिटर. दुसरं म्हणजे, पंपाचा पाइप वरच्या टाकीत जिथे सोडलाय त्याचं तोंड पाण्यात असलं तर पंप बंद झाल्यावर तोच पाइप उलटा सायफन होऊन टाकी उपसायला लागतो, आणि तोंड उघडं पडेपर्यंत थांबत नाही. मी तोंड काठाखाली फक्त एक सेंटिमीटर ठेवणार: आणखी ५.४ लिटर. पाइपातलं आणि ओव्हरफ्लोच्या डब्यातलं मिळून ४ लिटर. बेरीज १७.५ लिटर.

तेच तोंड आठ सेंटिमीटर खाली असतं तर नुसत्या त्याचे ४३ लिटर झाले असते, आणि हॉलच्या फरशीवर आले असते. पाइपाला छोटं भोक पाडून सायफन तोडायची पद्धत आहे. पण त्या भोकात शेवाळ धरतं, आणि ते बुजलंय हे कळतं ते पूर आल्यावर. नॉन रिटर्न व्हॉल्व्हचंही (पाणी उलटं येऊ न देणारा) तसंच, एक कचरा अडकला की तो उघडाच राहतो. पाइपाच्या उंचीला शेवाळ धरत नाही, म्हणून माझा भरवसा त्या उंचीवर.

आता संप. आत ७३.४ × ३३.४. चार कप्पे. पाणी पडायचा १८ सेंटिमीटरचा, मीडियाचा २८ चा, मग बुडबुडे अडवायला तीन पडद्यांची चिंचोळी वाट, आणि शेवटी पंपाचा १९.४ चा. पहिल्या दोन कप्प्यांत पाणी २४ सेंटिमीटर उंच, पंपाच्या कप्प्यात १८. लाईट गेली की १७.५ लिटरपैकी पहिले ३.९ पंपाचा कप्पा २४ पर्यंत भरण्यात जातील. उरलेले १३.६ सगळ्या संपावर पसरून पाणी साडेपाच सेंटिमीटर चढेल. म्हणजे साडेएकोणतीस. काठ ३८ वर आहे. मावतंय, वर साडेआठ सेंटिमीटर शिल्लक राहतात.

आणि याच्या उलटही बघायला हवं, ते बरेच जण विसरतात. वरून येणारा पाइप तुंबला आणि पंप मात्र चालूच राहिला तर? पंप आपला कप्पा १८ पासून ४ सेंटिमीटरपर्यंत उपसेल, मग हवा ओढेल. ते झाले ९ लिटर. वरच्या टाकीत पाणी १.७ सेंटिमीटर चढेल. वर ४ सेंटिमीटर रिकामं आहे. हेही मावतं. पंपाचा कप्पा मुद्दाम लहान ठेवलाय तो यासाठी.

२६ मे

टाकी धुतली. पाण्याच्या जुन्या रेघेवर क्षाराचा पांढरा थर होता, तो व्हिनेगरमध्ये भिजवलेलं फडकं तासभर ठेवल्यावर सुटला. आई ओसरीवरून बघत होती. "काय करूलालास रे?" संप, म्हटलं. "संप हाय की अंगणात. आणि एक कशाला?" तिचं चुकत नव्हतं. आमच्या भागात संप म्हणजे नळाचं पाणी साठवायला जमिनीखाली बांधलेली टाकी, घरोघरी असते. माशांचा संप म्हणून तिला सगळं समजावलं. तिने शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "मांडा गेला तसं आता होणार नाही नव्हं?"

२ जून

एका दुकानात साइनबोर्डच्या कामातून उरलेली ५ मिलिमीटरची शीट मिळाली. तिचे पडदे कापून ॲक्वेरियम सिलिकॉनने बसवले. काचेच्या टाक्या मी आधी सहा केल्यात, त्यामुळे हात बसलेला आहे. चार दिवस सुकू देणार.

६ जून

वाया गेलं. पहिल्याच पडद्याच्या एका बाजूला २४ सेंटिमीटर पाणी भरलं, दुसरी बाजू कोरडी. दहा मिनिटांत खालच्या कोपऱ्यातून धार लागली. बोटाने ओढलं तर सिलिकॉनची अख्खी पट्टी सालपटासारखी निघून आली. काचेवरून असं सिलिकॉन काढायला ब्लेड घेऊन तास घालवावा लागतो.

सिलिकॉन ॲक्रिलिकला नुसतं चिकटून बसतं, धरत नाही. आणि पडद्यावर जोर थोडाथोडका नसतो. ३३.४ सेंटिमीटर रुंदीच्या पडद्यावर २४ सेंटिमीटर पाणी एकाच बाजूला असलं तर साडेनऊ किलोच्या आसपास. हा आकडा मी २५ तारखेलाच काढायला हवा होता, म्हणजे काचेची सवय ॲक्रिलिकवर चालवायच्या आधी थांबलो असतो.

ॲक्रिलिक जोडायचं ते विरघळवून. द्रावण दोन्ही पृष्ठभाग मऊ करतं, ते एकमेकांत मिसळतात, द्रावण उडून जातं आणि मागे एकच तुकडा उरतो. जोड म्हणून वेगळं काही राहत नाही.

९ जून, रविवार

पाऊस लागला. काल रात्रीपासून पन्हाळीचा आवाज चालू आहे.

दिवसभर सिलिकॉन खरवडलं, प्लॅस्टिकच्या पट्टीने. लोखंडी पातं लावलं तर ओरखडे पडतात, आणि सिलिकॉनचा तेलकट अंश राहिला तर द्रावण त्या जागी धरणार नाही. दोनदा साबणाच्या पाण्याने धुतलं.

वरचं तोंडही आज मोठं केलं. मूळ टाकीला वर सगळीकडून कड होती आणि मधोमध एक आडवी पट्टी, मीडियाची पिशवी हातासकट आत जात नव्हती. चारी बाजूंनी ४ सेंटिमीटर कड ठेवून मधली पट्टी काढली. पाणी आता पूर्वीपेक्षा कमी उंच असणार आणि पडदे दोन्ही भिंतींना बांधून ठेवणार, म्हणून हे धाडस केलं. पडदे नसते तर केलं नसतं. जिगसॉने ॲक्रिलिक वितळतं आणि पात्यामागे परत चिकटतं, त्यामुळे राऊटर (वेगाने फिरणाऱ्या पात्याने कापणारं यंत्र) वापरला. चारी कोपऱ्यांना आधी १२ मिलिमीटरची भोकं पाडली आणि भोकापासून भोकापर्यंत कापलं. आतला कोपरा धारदार ठेवला की तडा तिथूनच सुरू होतो, हे कास्टिंगला जसं लागू तसंच इथेही.

मग एक चूक केली. कापलेली कड पुसायला घरातलं स्पिरिट घेतलं. अर्ध्या तासाने उजेडात धरलं तर डावीकडच्या मागच्या कोपऱ्यात केसासारख्या बारीक रेघांचं जाळं. कापताना आत ताण राहतो, आणि अल्कोहोल लागलं की ताण असलेलं ॲक्रिलिक असं फुटतं. काच पुसायच्या अमोनियावाल्या फवाऱ्यानेही हेच होतं. रेघा दीड सेंटिमीटर लांब आहेत, वरच्या कडेत, पाण्याच्या वर. मार्करने टोकांवर खुणा केल्या. वाढतात का ते बघत राहायचं.

१३ जून

नवे पडदे कापले, कडा मिलिंग मशीनवर घेतल्या. नवा धारदार कटर, हलका कट, कूलंट म्हणून फक्त हवा. करवतीच्या कडेवर द्रावण भरलं की बुडबुडे राहतात. मिलिंगची कड मंद काचेसारखी येते आणि द्रावण एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला सरळ धावत जातं. ज्योतीने कड चकाकवायचा सल्ला एकाने दिला होता. दिसायला ती सुंदर होते, पण त्या उष्णतेचा ताण कडेत राहतो आणि द्रावण लागल्यावर तडे येतात. जोडायच्या कडेला ज्योत लावायचीच नाही.

मापं: टोकाजवळच्या पडद्याला ३३४.२ ची जागा, मधल्याला ३३६.२. प्रत्येकी ०.४ कमी ठेवलं.

१६ जून

शेजारच्या शेडमध्ये पावडर कोटिंगचा ओव्हन आहे. रविवारी रिकामा असतो. मालकांना विचारलं, "नेहमी दोनशेवर चालतो, ऐंशीवर कशाला लावायचा?" म्हणाले, आणि लावू दिला. पडदे सपाट प्लेटवर मोकळे ठेवले, संरक्षक कागद आधी सोलून. दोन तासांत ८० अंश, चार तास तिथेच, मग बटण बंद करून दार न उघडता रात्रभर. १०० च्या पुढे ॲक्रिलिक मऊ होऊन वाकायला लागतं, त्यामुळे मी चारही तास काट्यासमोर बसून होतो. कापल्याचा ताण यात निघून जातो. ९ तारखेची चूक परत होऊ नये म्हणून एवढा खटाटोप.

२३ जून

पहिला पडदा जोडला आणि तो पांढरा पडला.

द्रावण म्हणजे एमडीसी, मिथिलीन डायक्लोराइड. ॲक्रिलिकची अक्षरं बनवणारे हेच किंवा क्लोरोफॉर्म वापरतात. पाण्यासारखं पातळ, ४० अंशालाच उकळतं. मी ओसरीवर केलं, कारण त्याची वाफ हवेपेक्षा जड असते आणि बंद खोलीत खाली साचते. श्वासावाटे गेली की शरीरात तिच्यातून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. कापडी मास्कचा काही उपयोग नाही. लेकीला आणि आईला दुपारभर आत्याकडे पाठवलं.

पद्धत अशी. पडद्याखाली तीन ठिकाणी ३२ गेजची मोटर रिवायंडिंगची तांब्याची तार ठेवायची, म्हणजे पाव मिलिमीटरची फट राहते. सुईने फटीत एमडीसी सोडायचं, ते आपणहून पसरतं. पाऊण मिनिट थांबायचं, पृष्ठभाग मऊ होऊ द्यायचे, मग तारा ओढून घ्यायच्या. पडदा स्वतःच्या वजनाने बसतो. सिरिंजच्या दट्ट्याचं रबर एमडीसीत फुगून अडकतं, म्हणून तीन चार सिरिंजा जवळ ठेवाव्यात.

हे सगळं नीट झालं. पण पाच मिनिटांत जोडावर दुधासारखा पांढरा पट्टा आला. बाहेर पाऊस, भिंतींना हात लावला तर ओल. एमडीसी इतक्या झपाट्याने उडतं की जागा गार पडते, हवेतली ओल तिथे दव धरते आणि जोडात अडकते. असा जोड कच्चा असतो. करकर वाजवून काढला, कड परत मिलिंगला नेली.

मे महिन्यात हेच काम केलं असतं तर हे झालं नसतं. जूनचा पहिला आठवडा मी सिलिकॉनमागे घालवला.

३० जून, रविवार

आठवडाभर वाट बघितली. आज सकाळी दहाला उघडीप मिळाली. कोठीच्या खोलीत रात्रभर दोन शंभरचे बल्ब लावून टाकी आणि पडदे ठेवले होते, हाताला कोमट लागत होते. वस्तू कोमट असली की दव धरत नाही. काम करताना बल्ब बंद केले, कारण एमडीसीची वाफ तापलेल्या वस्तूवर गेली की विषारी वायू होतात. दारात पंखा बाहेर तोंड करून लावला.

चार तासांत सगळे पडदे. एकही पांढरा पडला नाही. जोडात बघितलं की सरळ आरपार दिसतं. तळाला तारेची पद्धत. बाजूंच्या फटीत मात्र पातळ द्रावण उभं राहत नाही, गळून जातं. तिथे घट्ट द्रावण भरलं: मिलिंगच्या स्वच्छ चिप्स काचेच्या बाटलीत एमडीसीत विरघळवून मधासारखं केलेलं. त्यात बुडबुडे येतात, दिसायला वरचढ नाही, पण या जागी दुसरं काही चाललं नसतं.

शेजारचे मागवाले काका बघायला आले. बोटाने पडदा हलवून पाहिला. "चांगलं झालंय. खरं टिकंल काय?" मी म्हटलं, आठ दिवसांनी सांगतो. जोड लगेच धरतो, पण आतलं द्रावण निघायला दिवस लागतात.

७ जुलै

पाणी भरलं. खाली १२ मिलिमीटरचं प्लाय आणि त्यावर पातळ फोम, तळाला सगळीकडून आधार हवा. प्रत्येक पडदा एका बाजूला २४ सेंटिमीटर आणि दुसरी बाजू कोरडी ठेवून तपासला. मग ३६ पर्यंत भरून ४८ तास. खाली वर्तमानपत्र पसरलंय, थेंब पडला तर डाग दिसेल.

९ जुलै

कागद कोरडा. कोपऱ्यातल्या रेघा खुणेच्या आतच.

१४ जुलै

आज काचेला भोकं. यासाठी कुंदाला हलवावं लागलं, दोनशे लिटरच्या निळ्या पिंपात, टाकीतलंच पाणी आणि जुना कॅनिस्टर सोबत. वर जाळी बांधली, ऑस्कर उडी मारतो. लेक दिवसभर पिंपाशेजारी पाटावर बसून होती.

बाजारात काठावरून लटकवायचे सायफनवाले ओव्हरफ्लो मिळतात, भोक न पाडता चालतात. लाईट गेली की सायफन तुटू शकतो, आणि परत आली तर पंप वर चढवत राहतो पण खाली काही येत नाही. नेमकं मला जे टाळायचंय तेच. म्हणून भोकच.

आधी काच टफन केलेली (तापवून कडक केलेली) नाही याची खात्री केली: एका बाजूला लॅपटॉपचा पांढरा पडदा, दुसऱ्या बाजूने पोलराइज्ड गॉगल. टफन काचेत गडद पट्टे आणि ठिपके दिसतात, माझ्यात काही दिसलं नाही. टफन काचेला ड्रिल लावलं की सगळ्या टाकीचे मणी होतात. मग हिऱ्याचा होल सॉ, ४४ मिलिमीटर. मागून चिकटपट्टी, भोकाभोवती मातीचं आळं करून पाणी, वेग कमी, हाताचा जोर जवळजवळ नाहीच. एकेका भोकाला बारा मिनिटं. शेवटच्या मिनिटाला मी श्वास धरून होतो.

दोन भोकं, दोन टँक निपल (भोकात पाइप बसवायचे सांधे). एक मुख्य, एक संकटकाळचं. आतल्या बाजूला काचेचा ओव्हरफ्लो डबा सिलिकॉनने बसवला. काच काचेला, तिथे सिलिकॉनसारखं दुसरं नाही. आठवडाभर कुंदा पिंपातच.

१७ जुलै

आषाढी. प्लंबिंगचं सामान काल आणलं होतं. एक इंची यूपीव्हीसी पाइप, दोन युनियन (खोलता येणारे जोड), एक गेट व्हॉल्व्ह. बॉल व्हॉल्व्ह पाव वळणात सगळं उघडतो, बारीक जुळवणी होत नाही. दुकानातल्या अण्णांनी तिसरं युनियन परत ठेवून घेतलं, "साकु री (पुरे हो), एवढ्यात होतंय." दोनात झालं.

२१ जुलै, रविवार

सकाळी पाणी चालू केलं. मुख्य पाइप पूर्ण भरून वाहतो, व्हॉल्व्हने असा आवळलेला की हवा आत जात नाही, त्यामुळे आवाज नाही. चुकून तुंबला तर संकटकाळचा कोरडा पाइप सगळं पाणी घेतो. बादलीने मोजलं: २० लिटर ४८ सेकंदांत, म्हणजे तासाला १,५०० लिटर. पंपाच्या खोक्यावर ३,००० लिहिलंय, पण ते पाणी वर चढवायचं नसतं तेव्हाचं.

मग मेन स्विच बंद केला. एकदा नाही, नऊ वेळा. संपात पाणी चढून कुठे थांबतं ते दरवेळी खूण केली. कागदावर २९.५ होतं. प्रत्यक्षात २९.० ते २९.३. कागद आणि पाणी इतकं जुळलं की मी बायकोला स्वयंपाकघरातून बोलावून दाखवलं.

एक गोष्ट हिशोबात नव्हती. लाईट परत आली की मुख्य पाइपाचं खालचं तोंड पाण्यात दोनऐवजी सात सेंटिमीटर बुडालेलं असतं. तेवढ्या खोलीतून पाइपातली हवा लवकर बाहेर पडत नाही, आणि पहिला अर्धा मिनिट सगळं पाणी संकटकाळच्या पाइपातून गुडगुडत येतं. पंपाने १७.५ लिटर वर नेले की, साधारण ४२ सेकंदांत, पातळी उतरते, हवा सुटते आणि आवाज थांबतो. नऊपैकी नऊ वेळा थांबला. संकटकाळच्या पाइपाचं तोंड ३२ सेंटिमीटरवर, चढलेल्या पाण्याच्याही वर ठेवलंय. ते बुडालेलं असतं तर तिथेही हवा अडकली असती.

दुपारी कुंदा परत टाकीत. कॅनिस्टरमधला जुना मीडिया न धुता संपात घातला, म्हणजे जिवाणूंची वसाहत तशीच आली. दोन तास तो कोपऱ्यात उभा होता, संध्याकाळी एक गोळी खाल्ली.

२५ जुलै

रात्री बारा चाळीसला माग थांबले आणि मी उठलो. पाऊस इतका की खिडकीतून समोरचं घर दिसत नव्हतं. पंपासाठी इन्व्हर्टर मुद्दाम लावलेला नाही. तो आता फक्त हवेच्या पंपाला आहे, ५ वॅटचा, रात्र काढतो.

टॉर्च घेऊन खाली बसलो. पाणी २९ च्या खुणेवर येऊन थांबलं. फरशी कोरडी. वर टाकीत हवेचा दगड बुडबुडे सोडत होता, कुंदा त्याच्याजवळ. आईही उठून आली, माझ्याशेजारी पाटावर बसली, काही बोलली नाही. थोड्या वेळाने झोपायला गेली.

सकाळी पावणेसहाला माग सुरू झाले. गुडगुड, मग शांत. पाच तास पाणी थांबून होतं. संपातल्या पाण्याला वास नव्हता. आठ वाजता तपासलं, अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य. कामावर अर्धा तास उशिरा गेलो, आकडे पाहिल्याशिवाय पाय निघत नव्हता.

४ ऑगस्ट

दोन आठवड्यांत चार वेळा लाईट गेली, दोनदा मी घरी नव्हतो. अमोनिया आणि नायट्राइट चारही वेळा शून्य. नायट्रेट ४० वरून २० वर आलं, ते आठवड्याला पाणी बदलल्यामुळे आणि स्पंज आता दोन मिनिटांत काढून धुता येतो म्हणून. कॅनिस्टर उघडायचा कंटाळा मी करायचो, हे खरं आहे.

बाकी राहिलेलं: संपाला झाकण, कारण पाणी दिवसाला दीड लिटर उडतं आणि कप्प्यातलं लाकूड ओल धरतंय. पंपाच्या कप्प्यात पातळी १८ च्या खाली गेली की दिसावी म्हणून बाहेरून लाल पट्टी. आडाचं पाणी सध्या गढूळ आहे, पाणी बदलायला नळाचंच घ्यायचं, अंगणातल्या संपात एक दिवस ठेवून. डाव्या कोपऱ्यातल्या रेघांपैकी एक खुणेच्या पुढे अर्धा मिलिमीटर गेलीय. नवी खूण केली, तारीख लिहिली.